कोंडवाड्याचं फाटक

ही गोष्ट फाटकापासून सुरू व्हायला हवी. पण फाटकाला कुलूप आहे. म्हणून भिंतीपासून.

भिंत

काळ्या दगडाची. पुरुषभर उंच, त्यावर आणखी हातभर, आणि माथ्यावर काचा रोवलेल्या. आत मोकळं अंगण, एका बाजूला पत्र्याचं छप्पर, छपराखाली हौद. एका अंगाला ओढा आणि त्यापलीकडे गाव, दुसऱ्या अंगाला तांडा. कोणाचं जनावर कोणाच्या पिकात शिरलं की ते हाकत इथं आणायचं, कोंडायचं, आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं. गावातली निम्मी भांडणं या भिंतीच्या आत जन्मली. मग ट्रॅक्टर आले, बैल बाजाराला गेले, कोंडायला काही उरलं नाही. रखवालदार चाँद पाशाचं काम गेलं. किल्ली तेवढी त्याच्याकडे राहिली. ती परत घ्यायचं कोणाला सुचलंच नाही.

२००१ च्या उन्हाळ्यात ग्रामसभेत विषय निघाला. या रिकाम्या कोंडवाड्याचं करायचं काय?

पाडा आणि गाळे काढा, असं मुंजाजी किराणावाल्याचं म्हणणं. कोणी तालीम म्हणालं, कोणी खताचं गोदाम. कळमनुरीहून आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी मध्येच सांगितलं की तांड्यासाठी वस्तीशाळा मंजूर आहे, मास्तरही ठरलाय. पण पक्कं छप्पर दाखवलं नाही तर शाळा दुसऱ्या तांड्याला जाईल. तांडा गायरानावर वसलेला. तिथं सरकारी वीट चढत नव्हती.

सरपंच संतराम लगेच म्हणाला, मग कोंडवाडाच देऊन टाकू. छप्पर आहे, भिंत आहे, पोरं पळूनही जाणार नाहीत. सभा हसली. संतरामच्या मनात काळंबेरं नव्हतं. गाळ्यांचं भाडं सोडून आपण मोठं मन दाखवतोय, असंच त्याला वाटत होतं.

रुख्मिणीबाई पंचायतीतली तांड्याची एकटीच सदस्य. तिनं हात वर केला.

हात

इमारतीला हात नसतो. पण हा भाग इथंच येतो, कारण तो हात वर गेला नसता तर पुढचं काही झालं नसतं.

हात वर करताना तिला फक्त छप्पर दिसलं होतं, आणि छपराखाली तिची नात रुपा. रुपा आठ वर्षांची. ओढ्याला पाणी आलं की तिची गावातली शाळा बंद व्हायची ती थेट दिवाळीपर्यंत, आणि तोवर शिकलेलं सगळं ओढ्याबरोबर वाहून जायचं.

तांड्याला विचारायचं राहून गेलं.

ती घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. तिला बघताच हातपंपावरच्या बायका अर्ध्या घागरी उचलून निघून गेल्या. पुतण्या देविदास वाटेतच उभा होता.

"काकी, आपली लेकरं काय ढोरं हायती? कोंडून आली तू त्याह्यला?"

ती घराकडे चालत राहिली. पुढच्या सभेत हात खाली घ्यायचा, नाहीतर तांड्याचं मन वळवायचं. आणि तांड्याचं मन म्हणजे थावरा.

हौद

थावरा तिचा चुलत सासरा, तांड्यातला सगळ्यात जुना माणूस. त्या भिंतीच्या सावलीतूनही तो जात नसे. बाजाराला जायचं तर शेताशेतांतून वळसा घालायचा.

बाहत्तरच्या दुष्काळात त्याची जोडी कोणाच्या तरी कडब्याला तोंड लावताना सापडली आणि कोंडवाड्यात गेली. तेव्हाचा रखवालदार, चाँद पाशाच्या आधीचा, कुलूप लावून पाहुण्यांकडे लग्नाला निघून गेला. हौद कोरडा. थावरा दंडाचे पैसे हातात घेऊन फाटकाशी उभा राहिला. सरकारी कुलूप तोडायला गावातलं कोणी धजेना. थावरानं तोडलं असतं, भिंतीवरून उडीही टाकली असती. पण तांड्याचा माणूस भिंतीवर दिसला तर तो चोरच ठरतो, हे त्याला आणि पोलिसांना दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं, घागरीत बुडवलं आणि दगडावर चढून काचांवरून आत सोडलं. बैलांनी ओलं कापड चाटलं, चोखलं. तो ओढून घ्यायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा सोडायचा. काचांनी पागोट्याच्या चिंध्या झाल्या.

रखवालदार परतला तेव्हा फाटक उघडून काही उपयोग नव्हता. रुख्मिणी तेव्हा नवी नवरी होती. भिजवायची घागर तिनंच भरून नेली होती.

दावण

थावरा तिला रागावला नाही. रागवायची सोयच नव्हती. सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. सांगायचं ते दावणीच्या बैलाला सांगायचं. सासऱ्यानं ऐकायचं आणि उत्तरही बैलालाच द्यायचं. तीसेक वर्षं दोघांचं सगळं बोलणं असं बैलांच्या कानातून गेलं होतं. बैल बदलले. रीत तीच राहिली.

संध्याकाळी तिनं भुऱ्या बैलाला पेंड ठेवली, पदर पुढे ओढला.

"भुऱ्या, म्या हात वर केला. कोणाला इचारलं न्हाई, चुकलंच. पर रुपानं काय शेण येचतच जलम काढायचा?"

बाजेवरून थावराचा आवाज आला.

"भुऱ्या, तिला म्हणावं, त्या हौदात पाणी नव्हतं."

"म्या बघितलं हाय," ती भुऱ्याला म्हणाली. "घागर माझीच व्हती."

मग थावरानं बैलाला जुनी गोष्ट सांगितली. मीठ आणि धान्य लादून तांडा मुलूखभर फिरायचा तेव्हा सगळ्यात पुढं एक बैल चालायचा. त्याला कोणी हाकत नसे. तो जिथं बसेल तिथं तांडा गोण्या उतरवायचा. जागा चांगली की वाईट, हे माणसांनी बोलायचं नाही.

"भुऱ्या, तू जाऊन बघ. बसला तर लेकरं जातील."

छप्पर

सकाळी सगळा तांडा भिंतीबाहेर जमला. चाँद पाशानं कुलपात तेल सोडलं, किल्ली फिरवली, आणि देविदासकडे बघत म्हणाला, "बैलाला बी मतदान दिलं का रे तुमी? बराबर हाय. तो तरी पार्टी बघून बसायचा न्हाई."

कोणी हसलं नाही.

भुऱ्याचा कासरा सोडून घेतला. तो आपल्या पायांनी आत गेला, छपराखाली गेला, हौद हुंगला, आणि उभा राहिला.

उभाच राहिला. बिचारा नांगराचा बैल. गोणी कधी पाठीवर घेतली नव्हती; बसून जागा निवडायची असते, हे त्याला सांगणार कोण? ऊन पत्र्यावर चढलं. रुख्मिणीबाईनं रुपाचा हात धरला होता तो पोरीला दुखेपर्यंत आवळला गेला. बैलाला हात लावायचा नव्हता, हाळी द्यायची नव्हती. मनातल्या मनात ती त्याला बस म्हणत होती, आणि हेही चालतं की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

"न्हाई बसत," देविदास म्हणाला. "मिटलं."

भुऱ्यानं जीभ काढून हौदाचा कोरडा काठ चाटला.

तेव्हा थावरा हलला. काठी टेकत, कोणाकडे न बघता, तो फाटकातून आत गेला. डोक्याचं पागोटं सोडलं. बायकांत एक घागर होती; त्यानं हात पुढे केला तशी ती त्याच्यापाशी आली. पागोटं त्यानं पूर्ण भिजवलं आणि हौदाच्या काठावर पसरलं. भुऱ्या चाटू लागला. थावरा बघत राहिला. मग उरलेली घागर त्यानं हौदात रिकामी केली, आणि हौदाला पाठ लावून, गुडघे धरत, सावकाश खाली बसला.

"आबा," देविदास म्हणाला, "बैल बसला न्हाई."

"मी बसलो न्हवं."

मग त्यानं मान वर केली. भुऱ्याकडे नाही, तिच्याकडे.

"रुख्मिणी, संतरामला सांग. फाटक काढा, काचा काढा. मंग लेकरं येतील."

तिचं नाव त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं. पदर ओढायचंही राहून गेलं.

"व्हय मामंजी."

फाटक

आता फाटकापाशी येता येतं.

पुढच्या सभेत तिनं अट सांगितली. संतराम गोंधळला. चांगलं लोखंडी फाटक, ते काहून काढायचं? रात्री ढोरं आत शिरतील.

"शिरू द्या," रुख्मिणीबाई म्हणाली. "कोंडू नका."

फाटक निघालं, काचाही निघाल्या. मुंजाजीनं फाटक भंगारात घेतलं. चाँद पाशा किल्ली जमा करायला पंचायतीत गेला, तर ती कशाची म्हणून घ्यायची, हेच कोणाला कळेना. तो ती घेऊन परत आला. देविदासनं त्या वर्षी आपलं लेकरू धाडलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. विषय निघाला की तो अजून खाली बघूनच ते सांगतो.

आणि थावरा पुन्हा बैलाशीच बोलू लागला.

पावसाळ्यात एका संध्याकाळी रुख्मिणीबाई पेंड ठेवत होती. घरात रुपाचे पाढे चालले होते. बाजेवरून आवाज आला.

"भुऱ्या, तिला इचार. हौदात पाणी असतं का?"

तिनं पदर पुढे ओढला, बैलाच्या कपाळावर हात ठेवला.

"असतं म्हणावं. रोज भरते म्या."