विंचवाच्या मुलीचे लग्न

यशश्रीचे लग्न ठरले ते २०१३ साल. साखरपुडा होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि तिचा बाप जनार्दन मास्टर मस्कतच्या रुवीतल्या आपल्या शिलाईच्या दुकानात मांडी घालून, कुणाचेच माप न घेता, एका भल्या मोठ्या शेरवानीचे कापड बेतत होता. टेप गळ्यात नुसतीच लोंबत होती. कात्री मात्र अशी चालली होती, जणू समोर माणूस उभा आहे.

बायको जयवंती दुपारचे जेवण घेऊन आली आणि कापडाकडे बघतच राहिली.

"एवढी छाती? यात दोन नवरदेव मावतील."

"गिऱ्हाईकाची आहे."

"कोण गिऱ्हाईक?"

"आहे एक अर्बाब. ओमानी शेठ."

"अर्बाब लोक शेरवानी कधीपासून घालायला लागले?"

जनार्दनने चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की शिंप्याला बोलता येत नाही, ही सोय त्याने संसारात पुष्कळदा वापरली होती. जयवंतीने डबा उघडला, भाकरी मोडून ताटात ठेवली आणि सहज विचारावे तसे विचारले,

"मग मत्रहच्या हुसैनमियाँना बोलवायचं की नाही?"

टाचण्या बाहेर आल्या. डोळे वटारले गेले. मानेच्या शिरा फुगल्या आणि साठी ओलांडलेल्या मास्टरच्या गळ्यातून अशी डरकाळी निघाली की शेजारच्या मोबाईलवाल्याने डोके बाहेर काढले.

"त्या माणसाचं नाव माझ्या दुकानात काढायचं नाही!"

रस्त्यावरून चाललेले दोघेजण थबकले. त्यातला चिपळूणचा दुसऱ्याला कौतुकाने म्हणाला, "बघितलंस? विंचू अजून तसाच आहे."

जयवंतीने पदर तोंडाला लावला. तिला ठसका लागला असावा.

गोष्ट जुनी होती. ऐन तारुण्यात जनार्दन शिराळ्याची तालीम सोडून मुंबईला आला आणि ओमप्रकाश शेठच्या कंपनीत कुस्त्या करू लागला. या मातीतल्या कुस्त्या नव्हेत. दोरांच्या चौकोनात, झगझगीत दिव्यांखाली, तिकीट लावून चालायच्या त्या. सगळी नुरा. कोण जिंकणार, कितव्या डावावर जिंकणार, हे शेठ दुपारी जेवतानाच सांगून टाकायचा. दाभोळचा हुसैनमियाँ गोरापान, हसरा. म्हणून तो झाला शेर-ए-दाभोळ. जनार्दन काळा आणि तालमीत कान मोडलेला. म्हणून तो झाला काळा विंचू. वाघाने जिंकायचे, विंचवाने लबाडी करून हरायचे. लंगोटातून मिरचीची पुडी काढून वाघाच्या डोळ्यांत फेकायची, बायकांनी शिव्याशाप द्यायचे, आणि मग आंधळ्या वाघाने विंचवाला डोक्यावर उचलून आपटायचे. पुडीत गुलाल असे. चपला मात्र खऱ्या येत. एकदा फेकलेल्या चपलांत डावी-उजवी जुळून आली, मापाचीही निघाली. जनार्दनने ती जोडी झिजेपर्यंत वापरली.

खेळाचे पोशाख शिवायचे कामही त्याच्याकडेच होते. वाघाचा पिवळा पट्ट्यापट्ट्यांचा झगा त्यानेच शिवला होता. हुसैनमियाँच्या खांद्याचा उतार त्याला आपल्या तळहातापेक्षा जास्त पाठ होता.

शेठचा नियम एकच होता. वाघ आणि विंचू चार लोकांत एकत्र दिसता कामा नयेत. एका टपरीवर चहा नाही, एका डब्यात प्रवास नाही, रस्त्यात समोर आले तर थुंकून जायचे. "पब्लिकने तुम्हाला एकदा हसून बोलताना बघितलं की खेळ खलास," असे तो सांगायचा. दोघांनी हा नियम देवाच्या शपथेसारखा पाळला. पुढे टीव्ही आला, स्टेडियम ओस पडले, कंपनी मोडली. दोघे एकाच विमानाने मस्कतला आले, पण वेगवेगळ्या रांगांत बसून. विमानतळावरच एका रत्नागिरीच्या माणसाने ओळखले, "अरे, हा तर विंचू!" आणि मुंबईत मेलेला खेळ ओमानमध्ये पुन्हा सुरू झाला. जनार्दनने रुवीत दुकान थाटले. हुसैनमियाँने मत्रहच्या मासळीबाजारामागे जाळी आणि दोरखंड विकायला घेतले. आणि इतकी वर्षे मस्कतची सगळी मराठी माणसे सांगत आली, की या दोघांना एका लग्नाला बोलावू नये, मांडव मोडेल.

आता लग्नच विंचवाच्या घरी होते.

शुक्रवारी सकाळी जनार्दन नेहमीसारखा तीन पुडांचा डबा घेऊन, देवळाला जातो म्हणून निघाला आणि मत्रहच्या मागच्या गल्लीतून हुसैनमियाँच्या गोदामात शिरला. आतून कडी लागली. दोरखंडांच्या वेटोळ्यांवर दोन म्हातारे पैलवान बसले आणि एकमेकांच्या गुडघ्यांना तिळाचे तेल चोळू लागले. हा त्यांचा दर शुक्रवारचा रिवाज. तालमीत जोडीदाराने अंग रगडायचे असते. स्वतःचे स्वतः रगडले तर हाडाला पोचत नाही.

"तू लग्नाला यायचंस," जनार्दन म्हणाला.

"खुळा झालास काय? मी येणार नाय."

"पोरगी तुझ्या मांडीवर खेळली नाही, तिला तू कधी जवळून बघितलीही नाहीस. निदान अक्षता टाक."

"वाघ विंचवाच्या घरी जिलेबी खातो? लोक काय म्हणतील? इतक्या वर्षांची मेहनत, जना, एका पंगतीसाठी घालवू?"

जनार्दनने चोळणे थांबवले. तेलाचा हात तसाच गुडघ्यावर राहिला.

"मला एकच मुलगी आहे, हुसैन," तो म्हणाला. "आणि तिच्या लग्नात माझा माणूस म्हणावा असा एकही नसणार."

हुसैनमियाँने बराच वेळ दाढी खाजवली. मग त्याचे डोळे जुन्या दिवसांसारखे चमकले.

"मी पाहुणा म्हणून येऊ शकत नाय," तो म्हणाला. "पण दुश्मन म्हणून यायला कोण अडवतो?"

बेत तिथल्या तिथे शिजला. अक्षता पडल्या की वाघाने मांडवात घुसायचे. जुना हिशेब चुकता कर, म्हणून ललकारायचे. एक झटपट कुस्ती करायची. मग वडीलधारे मध्ये पडतील, दिलजमाई करतील, आणि दिलजमाई झालेल्या माणसाला जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. सगळे नियमात बसत होते. प्रश्न एकच उरला.

"शेवटी मी पडतो," हुसैनमियाँ म्हणाला.

"तू? तू का म्हणून?"

"पोरीच्या लग्नात तिच्या बापाला पाडू? मला दोजखात जागा मिळायची नाय."

"आणि विंचू जिंकला तर? माझ्या सगळ्या कारकिर्दीवर बोळा फिरेल! मी एकदाही जिंकलेलो नाही. डाग लावतोस काय?"

"अरे, हरून हरून कंटाळा नाय आला तुला?"

"हरायला अक्कल लागते! जिंकायला काय, तुझ्यासारखं नुसतं गोरं असलं की झालं!"

हे लागले. हुसैनमियाँने तेलाची बाटली बाजूला ठेवली. इतक्या वर्षांच्या खोट्या वैरात पहिल्यांदाच दोघे खरोखर भांडले, आणि तेही हरायचे कुणी यावरून. तालीम करायला उठले तेव्हाही धुसफुस चालूच होती. त्याच रागात एकमेकांच्या पायात पाय घालताना दोघांच्या कमरेत लचक भरली. शेवटी, "ऐन वेळी बघू," एवढ्यावर मिटले. शेरवानी जनार्दनने कागदात गुंडाळून दिली. काखेत दोन बोटे सैल ठेवली होती. हात वर करून पडताना उसवू नये म्हणून.

लग्न डिसेंबरात, रुवीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये लागले. नवऱ्या मुलाचे वडील चंद्रहास पुण्याहून आलेले; बँकेतून निवृत्त, बोलणे मोजके, रुमालाची घडी कधी न मोडणारे. त्यांना सगळे वेळेवर आणि शांतपणे हवे होते. जनार्दनला त्यांची मनातून धास्ती वाटे. नुरा बिघडली तर मुलीचे सासर पहिल्याच दिवशी बिघडेल, हे त्याला कळत होते. मंगलाष्टके चालू असताना त्याचे लक्ष भटजींकडे कमी आणि दाराकडे जास्त होते.

शेवटची अक्षता पडली, वाजंत्री वाजली, आणि दार धाडकन उघडले.

"विंचू!"

हुसैनमियाँ दारात उभा होता. मोतिया रंगाची शेरवानी अंगावर अशी बसली होती की क्षणभर जनार्दन आपली भूमिकाच विसरला आणि खांद्याची शिवण बघत राहिला. मग भानावर येऊन ओरडला,

"इथं पाय ठेवायची हिंमत कशी झाली तुझी?"

"आज हिशेब होणार! यल्ला, ये पुढं!"

चंद्रहास तीरासारखे उठले. "कोण आहे हा माणूस? पोलिसांना बोलवा कुणीतरी!"

हॉलचा व्यवस्थापक सिराज त्यांच्या मागेच उभा होता. त्याने अदबीने त्यांना खांद्याला धरून खाली बसवले.

"बसा साहेब. आत्ताच सुरू झालंय."

जनार्दनला नंतर आठवले, की गर्दी फार लवकर बाजूला झाली होती. खुर्च्या न सांगता मागे सरकल्या. कुणीतरी जाड सतरंजी आणून बरोबर मध्यावर अंथरली. फुलदाण्या जयवंतीने केव्हाच उचलून ठेवल्या होत्या. पण त्या वेळी त्याला समोर फक्त वाघ दिसत होता.

दोघे वर्तुळात फिरले. गुडघे कुरकुरले. हुसैनमियाँने दंड थोपटले. जनार्दनचा हात सवयीने कमरेकडे गेला, पण तिथे लंगोट नव्हता, सोवळे होते, आणि पुडीही नव्हती. डाव्या मुठीत उरलेल्या अक्षता होत्या. त्याने त्याच वाघाच्या तोंडावर फेकल्या. हुसैनमियाँने डोळे मिटून, दोन्ही हात आभाळाकडे नेत असा काही टाहो फोडला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या दाढीत कुंकवाचे तांदूळ अडकून राहिले.

मग अंगाला अंग भिडले.

"मी पडतो," हुसैनमियाँ कानात पुटपुटला.

"मर्दा, ऐक माझं. मी."

"एक… दोन…"

तिनाला हुसैनमियाँ मागे कोसळला. त्याच तिनाला जनार्दनही मागे कोसळला. सतरंजीवर दोघे एकमेकांकडे पाय करून उताणे पडले. कोणी कोणाला ढकललेही नव्हते. मग कोपऱ्यातून एकाने मोजायला सुरुवात केली आणि सगळा हॉल मोजू लागला. आकडे संपले, तरी दोघे तसेच पडून होते. एव्हाना प्रश्न हरण्याचा राहिला नव्हता. उठता येत नव्हते.

जयवंती पुढे आली. नऊवारीचा पदर खोचून तिने दोघांकडे आळीपाळीने बघितले.

"बरोबरीत सुटली," ती म्हणाली. "आता उठा दोघं. जिलेब्या गार व्हायला लागल्यात."

उठायला आधार हवा होता. जनार्दनने हात पुढे केला, हुसैनमियाँने मनगट धरले, आणि जुन्या पकडीने एकमेकांना ओढत दोघे उभे राहिले. चंद्रहासांच्या हातातला रुमाल पार चुरगळला होता. त्यांनी कपाळ पुसले आणि सिराजला हळूच विचारले, "हे असं… प्रत्येक लग्नात असतं का इकडे?"

"नशीब लागतं साहेब."

यशश्री नवऱ्याबरोबर पाया पडायला आली. आधी वडिलांच्या, मग न विचारता हुसैनमियाँच्या. त्याने दाढीतला एक तांदूळ काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

पंगतीत दोघांची पाने शेजारी शेजारी मांडली होती. सगळ्या पानांत भरली वांगी होती. हुसैनमियाँच्या पानात नव्हती. वांग्याने त्याच्या अंगाला खाज सुटते, हे गोदामात डबा खाणाऱ्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हते. त्याच्या पानाशी सोलकढीचे मात्र दोन पेले होते. जनार्दनने मान वर करून जयवंतीला शोधले. ती पलीकडे मीठ वाढत होती. तिने इकडे बघितले नाही. जनार्दनने जिलेबीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला; त्या क्षणी हाताशी टाचण्या नव्हत्या.

सोमवारी दुकान उघडताच चिपळूणकर आला.

"काय मास्टर, वाघाशी जमलं म्हणे?"

जनार्दनने कात्री आपटली. "जमतंय कसलं! सोयऱ्यांसमोर गप्प बसलो, एवढंच. परत दिसू दे!"

चिपळूणकर समाधानाने निघून गेला. आणि पुढच्या शुक्रवारी, देवळाला जायच्या वेळी, ओट्यावर तीन पुडांच्या जागी पाच पुडांचा डबा भरून तयार होता.

तो डबा पुढची काही वर्षे मत्रहला जात राहिला. मग एका शुक्रवारी जनार्दन गल्लीत पोचला तेव्हा गोदामाला बाहेरून कुलूप होते.

दुपारच्या नमाजानंतर मस्कतबाहेर, आमरातच्या कब्रस्तानात रुवी आणि मत्रहची सगळी ओळखीची माणसे जमली. जनार्दन फाटकाबाहेर टॅक्सीच्या आड उभा राहिला, हातात डबा तसाच. नियम तो नियम. जनाजा गाडीतून उतरला. हुसैनमियाँचा मुलगा यासिर पुढच्या बाजूला उजवीकडे होता. डावीकडे सिराज होता. चार पावले गेल्यावर सिराज बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याच्या पायात चपला होत्या. खांद्याची जागा रिकामी राहिली. यासिर थांबला. बाकीचेही थांबले.

जनार्दनने इकडेतिकडे बघितले. चिपळूणकर पाठ करून डोंगराकडे बघत होता. मोबाईलवाला डोंगराकडे बघत होता. सगळे रुवी आणि सगळे मत्रह तिकडेच तोंड करून उभे होते. त्या उघड्याबोडक्या डोंगरावर बघण्यासारखे काहीही नव्हते.

जनार्दनने डबा टॅक्सीच्या टपावर ठेवला आणि पुढे होऊन खांदा दिला.

दाभोळचे हुसैनमियाँ १४ ऑक्टोबर २०१६ रोजी, शुक्रवारी सकाळी, मत्रहला वारले.