दादाच्या हातातली गुणगुण

दादाच्या मनगटाला कान लावायला अख्खी गल्ली लोटली होती. आत काहीतरी सतत गुणगुणत होतं. आमची आई शिवणयंत्रावर बसली की अगदी अशीच गुणगुणायची, आणि तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"आईच आहे!" स्वामींनी डोळे मिटून निदान केलं. उघड्या डोळ्यांनी त्यांना कधीच काही दिसत नसे. "लेकात जीव अडकलाय. ओढते आहे त्याला. म्हणून बोटं गार पडतात."

बोटं गार पडत होती हे खरं. किडन्या निकामी झाल्या, डायलिसिससाठी दादाच्या मनगटात शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासूनच. असं झालं तर लगेच दाखवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनीने स्वामींना बोलावलं.

"अहो वन्सं, हे डॉक्टरांच्या हातातलं नाहीच."

मी घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. स्वामींनी मंतरलेला दोरा मनगटावर करकचून आवळला आणि सकाळपर्यंत सोडायचा नाही असं बजावलं. सकाळी वहिनीने कान लावला आणि रडता रडता हसली. "सुटल्या सासूबाई!"

आवाज खरंच बंद होता. खोटं कशाला बोलू, मला आई परत एकदा गेली असं वाटलं.

डायलिसिसच्या खोलीत नर्सने मनगट चाचपलं, घाईने दोरा कापला आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वहिनीला शेजारच्या खाटेकडे नेलं. "याला कान लावा."

तिथल्या आजोबांनी हात पुढे केला. "ऐका हो, फुकट आहे."

तो हात गुणगुणत होता. पलीकडच्या मुलीचाही.

"या सगळ्यांत तुमच्याच सासूबाई?" बाई म्हणाल्या. "शस्त्रक्रियेत धमनी थेट शिरेला जोडली की रक्त जोरात धावतं, त्याचा हा आवाज. कधी बोटांच्या वाटचं रक्तही तिकडेच वळतं, म्हणून ती गार पडतात. ते सुधारता आलं असतं. दोऱ्याने रक्ताची वाट आवळली, आत गुठळी झाली. आता हा हात डायलिसिसच्या कामाचा राहील की नाही, सांगता येत नाही."

वहिनीने कापलेला दोरा उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्या हातातली जोडणी वाचली नाही. दादाच्या मानेत नळी घालून कसंबसं निभावलं, मग दुसऱ्या हातात नवी जोडणी झाली. वहिनी आता रोज सकाळी तिथे कान लावते. परवा स्वामी दारात येऊन काही पुटपुटू लागले, तर म्हणाली, "गप्प बसा जरा, ऐकू द्या."

बाबांनो, आवाज कळला नाही तर कळणाऱ्याला विचारा. भूत म्हणून त्याचा गळा आवळू नका.

मीही कधीकधी कान लावते. ते दादाचं रक्त आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी जरा वेळ तशीच बसून राहते.