शंभरातले चौऱ्याण्णव

चित्रांचा गठ्ठा चित्रकलेच्या मोठ्या कॉलेजातून परत आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या दुकानात काच कापत होती. तिचा धंदा फ्रेमा करून द्यायचा. लोकांची लग्नं, पदव्या आणि वारलेले आजोबा ती गेली वीस वर्षं त्याच काळ्या पट्टीत बसवत आली होती. भाची गठ्ठा घेऊन दारात उभी राहिली. पोरीच्या हातांवर कायम शाईचे डाग, म्हणून घरात सगळे तिला ठिपकी म्हणत.

"नाही म्हणाले," ठिपकी म्हणाली. "चित्रांत स्वतःचं काही दिसत नाही, असं लिहिलंय. बाबा म्हणतात, झाले तेवढे लाड पुरे. सोमवारी मॅनेजमेंटच्या कोर्सला नाव घालायचं."

"आण इकडे."

दहा चित्रं. सुरकुतलेले हात, पिंजऱ्यातून उडणारं पाखरू, मोडकं घड्याळ, खिडकीतली उदास मुलगी. दादाने, म्हणजे ठिपकीच्या बापाने, पोरीला ज्या प्रवेश-सल्लागाराकडे पाठवलं होतं, त्याची ही ठरलेली यादी. त्याच्याकडे वीस पोरं होती आणि वीसही पोरं तेच घड्याळ मोडत होती. विटांच्या भट्टीतसुद्धा याहून जास्त वेगळेपणा सापडला असता.

आत्याने एक चित्र उचललं, उजेडात धरलं, मग दुसरं धरलं.

"ठिपके, तू डावरी ना गं?"

"हो. का?"

"डावऱ्या माणसाची छायेची रेघ अशी उतरते, डावीकडून उजवीकडे खाली. इथे बघ. दहाच्या दहा चित्रांत उलटी. ही तुझी कशी?"

ठिपकीने चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि स्टुलावर बसली. "माझी नाहीतच. आत्या, काल मी ही उघडून बघितली होती. मला माझीच वाटली."

"आणि दादाला?"

"बाबांनी शेजारच्या काकांना दाखवली. म्हणाले, बघा, पोरीचा हात कसा आहे."

आत्या हसली, पण ते हसू कुणालाही आवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिघं सल्लागाराच्या ऑफिसात गेली. तिथे एसी इतका की बोटं आखडावीत. भिंतीवर निवड झालेल्या मुलांचे फोटो होते. न झालेल्यांसाठी भिंत पुरली नसती. सल्लागाराने गठ्ठा चाळला, कपाट उघडलं, दुसरा गठ्ठा काढला, आणि घसा खाकरला.

"पाकिटांची अदलाबदल झालेली दिसते. पण तसा फार फरक नाही हो. विषय तेच होते."

"खरंय," आत्या म्हणाली. "उलट तिची चित्रं गेली असती तरी त्यांनी हेच लिहिलं असतं. तुम्ही वीसही पोरांना एकाच पातेल्यात शिजवता."

दादाने तिच्याकडे डोळे वटारले. "मग आता काय करायचं, साहेब?"

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. एक वर्ष काय, असं जातं." सल्लागाराने चुटकी वाजवली. दुसऱ्याचं वर्ष चुटकीत घालवणं सोपं असतं. "यंदाच हवं असेल तर सहज प्रवेश देणारी कॉलेजं आहेत." त्याने खालच्या खणातून एक कागद काढला आणि दोन बोटांत धरला, शेजाऱ्याच्या कुत्र्याने आणून टाकल्यासारखा. "पण मी सुचवणार नाही. मोठं कॉलेज शंभरातल्या चौऱ्याण्णवांना नाकारतं. इथे येईल त्याला घेतात."

"डॉक्टरही तुम्ही असाच निवडता का? शंभरातल्या चौऱ्याण्णव आजाऱ्यांना दारातून हाकलणारा?"

"तू गप्प बस गं," दादा म्हणाला. "चौकटी ठोकणाऱ्यांनी शिक्षणातलं बोलू नये."

"नाही बोलत. पण तुझ्या पोरीचा हात कुठला, हे चौकटी ठोकणारीनेच ओळखलं." आत्याने कागद सल्लागाराच्या बोटांतून ओढून घेतला. "सोमवारपर्यंत वेळ आहे ना? उद्या बघून येऊ. तूही ये."

यादीतल्या पहिल्या कॉलेजात दादा खूश झाला. दारात कारंजं होतं, बसायला सोफा होता आणि माहितीपत्रक इतकं गुळगुळीत की हातात ठरेना. आत्याने चित्रांची खोली बघायला मागितली. किल्ली क्लार्ककडे होती, क्लार्क रजेवर. शेवटी शिपायाने कुठूनतरी दुसरी किल्ली आणली. आत्या सरळ कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. बेसिनवर किमतीचं लेबल अजून चिकटलेलं होतं.

"चला," ती म्हणाली. "इथे अजून कुणी ब्रश धुतलेला नाही."

दुसरं कॉलेज एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यातच रंगाचा आणि ओल्या मातीचा वास. दादाने रुमाल काढला. वर सात-आठ मुलं एका म्हाताऱ्याचं चित्र काढत होती आणि म्हातारा बसल्या बसल्या पेंगत होता. शिल्प शिकवणाऱ्या बाई कोपरापर्यंत मातीने माखलेल्या. नमस्काराला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी मान हलवली.

"तुम्ही कुणालाच नाकारत नाही, खरं का?" दादाने विचारलं, आजाराची चौकशी करावी तसं.

"दारात नाही. आत आल्यावर मात्र रोज सांगतो काय चुकलं ते. काही जण महिनाभरात आपणच जातात." बाई ठिपकीकडे वळल्या. "काय आणलंयस?"

ठिपकीने सल्लागाराकडून आणलेला गठ्ठा पुढे केला. बाईंनी दोन चित्रं पाहिली आणि गठ्ठा मिटायला सांगितला. "हे राहू दे. कुणी न सांगता काढलेलं काही आहे?"

ठिपकी बापाकडे बघून घुटमळली. मग तिने झोळीतून एक फाटकी वही काढली. बाईंनी ती टेबलावर ठेवायला सांगितली आणि पानं ठिपकीलाच उलटायला लावली. बसची वाट बघणारी माणसं, आत्याची काच कापतानाची बोटं, आणि मग खुर्चीत झोपलेला एक जाडा माणूस, तोंड उघडं, चष्मा कपाळावर.

दादा पुढे झाला. "हा मी आहे?"

ठिपकी वही मिटायला गेली, पण बाई आधीच वाकून बघत होत्या.

"पोट चांगलं जमलंय," बाई म्हणाल्या. "मान चुकली. एवढी आखूड मान नसते माणसाला. डोकं खांद्यात रुतल्यासारखं दिसतंय."

"अहो, काय चुकली?" दादा उसळला. "माझी मान अशीच आहे! आमच्या घरात सगळ्यांची अशीच! हिने बघून काढलंय ते, मनाने नाही!" त्याने शर्टाचं वरचं बटण काढून कॉलर बाजूला ओढली. "बघा!"

मुलांनी पेन्सिली थांबवल्या. पेंगणारा म्हातारा जागा झाला. बाईंनी दादाची मान डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "पोरीची नजर बरोबर आहे."

दादा लाल झाला. इतकी वर्षं लग्नाकार्यांच्या फोटोंत त्याने जी मान ताणून लपवली, ती आता अनोळखी माणसांसमोर उघडी टाकून तो उभा होता. त्याने घाईने बटण लावलं, तेही चुकीच्या काजात.

"लोकांना काय सांगू मी?" तो हळूच आत्याला म्हणाला. "गॅरेजच्या वर शिकते म्हणून?"

"सांग की, तिथे तुझी पोरगी काय आहे ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. तुला अठरा वर्षं लागली."

दादाने तिच्याकडे रागाने बघितलं. मग टेबलावरचा प्रवेशाचा फॉर्म ओढला आणि पालकांच्या जागी सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली.

"सोमवारी किती वाजता यायचं हिने?" त्याने बाईंना विचारलं.

"आठ वाजता. आणि तुम्हाला वेळ असला तर तुम्हीही या. ह्या आजोबांना झोप आवरत नाही. मुलांना नवी मान हवीय."