एकोणतीस पीळ

“सत्तावीस! अठ्ठावीस! एकोणतीस!” मी ओरडले आणि टक् करून तार तुटली.

“हळू गं,” आई म्हणाली. “तार तुटलीय, छप्पर नाही.”

माझा आवाज मोठा आहे. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी तो लपवायचं सोडून दिलं आहे. मामा तर मला ‘भोंगा’च म्हणतो, त्याच्या खाणीत पाळी बदलताना वाजतो त्यावरून. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी आईबरोबर पीळ मोजायला गेले होते.

आई धातूंच्या संशोधन केंद्रात आहे. शेजारच्या खाणीत माणसं पिंजऱ्यातून खाली उतरतात, आणि तो पिंजरा एका पोलादी दोरावर लटकतो. दर सहा महिन्यांनी त्या दोराचं पिंजऱ्याकडचं टोक कापून आईकडे येतं. ती त्याच्या एकशे चौदा तारा सुट्या करते, एकेक तार यंत्राच्या जबड्यांत धरते आणि हँडल फिरवते. तुटायच्या आधी तार किती पीळ सोसते, ते लिहिते. वीस सोसले तर पास. एकोणीस वर्षं हेच. सगळे तिला तारबाई म्हणतात. तिच्या साहेबांच्या शोधनिबंधांत तिचं नाव अगदी शेवटी, आभारांत, बारीक अक्षरांत येतं. एकदा तेही राहून गेलं होतं.

गेल्या वेळी तारा तेवीसला तुटल्या होत्या, त्याआधी पंचवीसला. खाणीतल्या आंबट पाण्याने दोर गंजत होता. त्यावर साहेबांनी गंज रोखणारा एक लेप शोधून काढला होता आणि सहा महिने दोराला लावून ठेवला होता. आज त्याचा निकाल होता.

साहेब आत आले, कागदावर नजर टाकली आणि चक्क टाळी वाजवली. “अठ्ठावीस, एकोणतीस, एकोणतीस! तारबाई, आज चहा माझ्याकडून. आणा तो दोर सुरक्षित असल्याचा दाखला, सही करून टाकू दोघं.”

मीही टाळी वाजवली. आई मात्र तुटलेली तार नाकाशी धरून बसली होती.

“वास येत नाहीये,” ती म्हणाली.

“कसला?” मी विचारलं.

“खाणीचा.”

मग तिने दोराचा उरलेला हातभर तुकडा फरशीवर ठेवला. खरं तर तो काठीसारखा सरळ पडायला हवा. एवढा जड पिंजरा रात्रंदिवस ज्या टोकाला लटकतो, ते टोक वाकडं राहीलच कसं? पण तुकड्याची दोन्ही टोकं वर उचललेली राहिली आणि तो पाळण्यासारखा मंद डुलू लागला. थांबेचना.

माझ्या टाळ्या तिथेच संपल्या.

“साहेब, हे पिंजऱ्याकडचं टोक नाही,” आई म्हणाली. “हे वर दोर गुंडाळतात त्या ड्रमवरचं आहे. तिथले शेवटचे वेढे कधी उलगडतच नाहीत. ह्याने पाणी पाहिलेलंच नाही.”

“म्हणजे लेप चांगला निघालेला तुमच्या पचनी पडत नाहीये?”

“निघू दे ना चांगला. मी काय त्याची सवत आहे?”

साहेब हसले नाहीत. “जुन्या दाखल्याची मुदत आज संपतेय. नवा गेला नाही तर पिंजरा बंद. दोनची पाळी खाली गेलीय, बाई. एक्केचाळीस माणसं. ती वर कशी येणार?”

“शिडीने.”

“अकराशे पायऱ्या आहेत!”

“माहितीय. माझा भाऊ आहे त्यांच्यात. गुडघ्याने अधू आहे.”

मला एकदम आठवलं. मघाशी मी सतरा म्हणत होते, तेव्हाच दोनचा भोंगा झाला होता. मी त्याच्यावर आवाज चढवून अठरा म्हटलं होतं आणि मला हसू आलं होतं.

साहेबांनी पेन पुढे केलं. आईने ते घेतलं, टोपण लावलं आणि त्यांना परत दिलं.

साहेब खाली उकिडवे बसले. त्यांनी तुकड्याला बोट लावलं. तो डुलला. पुन्हा लावलं. पुन्हा डुलला. “सहा महिने,” ते स्वतःशीच म्हणाले. मग उठून त्यांनी खाणीत फोन लावला.

पलीकडचा व्यवस्थापक इतक्या जोरात बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. “एका बाईला वाटलं म्हणून पिंजरा थांबवू?”

“तिला वाटत नाहीये. तिला दिसतंय,” साहेब म्हणाले. “तुमच्या दोरवाल्याला बोलवा आणि विचारा, कुठलं टोक कापलं.”

बराच वेळ नुसती खरखर. मग साहेबांनी फोन ठेवला. “दोरवाला कबूल झाला. पिंजरा सोडवायचा म्हणजे अर्धा दिवस मोडतो. ड्रमकडचं टोक पाव तासात कापून होतं.”

आमच्या खिडकीतून खाणीच्या मनोऱ्यावरचं मोठं चाक दिसतं. कामाच्या दिवशी ते थांबलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. ते थांबलं.

आम्ही शिडीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिलो. पहिला माणूस वर यायला तासाहून जास्त वेळ लागला. तो गुडघ्यांवर रांगत बाहेर आला आणि तसाच आडवा झाला.

“कुठाय ती तारबाई?” तिसऱ्याने विचारलं. चांगल्या सुरात नाही.

“मी,” आई पुढे होऊन म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, थुंकला आणि पुढे गेला. आई जागची हलली नाही. मी मनातल्या मनात मोजत होते. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. मग कोणीच नाही. आईने माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं.

अंधार पडता पडता मामाचा हात शिडीवर दिसला.

“काय गं भोंग्या, आज वाजली नाहीस?” तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि एक पाय मागून ओढत येत होता. मग आईला म्हणाला, “ताई, होता नव्हता तो गुडघाही घालवलास बघ. एवढ्या वेळा पास केलंस, आणखी एकदा केलं असतंस तर काय बिघडलं असतं?”

“घरी चल,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याकडचं टोक आलं. मामाही काठी टेकत आला. “कशासाठी अकराशे चढलो, ते बघू तरी दे,” म्हणून स्टुलावर बसला. तुकडा फरशीवर काठीसारखा सरळ पडला. वरून लेप चकचकीत. आईने तार सोडवली तेव्हा आतून तांबूस पाणी निघालं आणि खोलीभर वास सुटला. साहेब भिंतीला टेकून उभे होते. “लेपाने पाणी आतच कोंडलं,” ते हळूच म्हणाले.

आईने हँडल धरलं. “मोज.”

“एक. दोन. तीन. चार.”

टक्.

“एखादी वाईट असेल,” मामा म्हणाला. “दुसरी लाव.”

दुसरीही चारला गेली. मामा हसायला गेला आणि त्याने हातातल्या काठीकडे पाहिलं. काल दोन वाजता तो ह्याच दोरावर खाली गेला होता. परवाही. त्याच्या आदल्या दिवशीही.

तिसरी तार जबड्यांत बसली. मी तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. मग आईनेच मोजलं, हळू, स्वयंपाकघरात पीठ मापताना मोजते तसं. तीनपर्यंत.

तिने कागदावर आपल्या गोल अक्षरांत एकाखाली एक लिहिलं. चार. चार. तीन. मग पुढची तार उचलली. अजून एकशे अकरा होत्या.