‘चायना माल’ म्हणतात मला

मी एक जुनी विजेवरची किटली आहे. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका चिनी कंपनीच्या पँट्रीत मी राहते. मित्रांनो, माझा जन्म चीनमधल्या कारखान्यातला. त्यामुळे कुणी झाकण उघडून आत डोकावलं, की हा आता ‘चायना माल’ म्हणून नाक मुरडणार, असा संशय मला आधीच येतो. बहुतेक वेळा तो खराही ठरतो.

आमचे मॅनेजर लुओसाहेब दिवसभर नुसतं गरम पाणी पितात. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशेजारी बसून आपल्याच देशाला नावं ठेवायचे. घरं महाग, मुलांच्या परीक्षा जीवघेण्या, माणसं राबून राबून थकलेली. हिशेब बघणारे पुण्याचे दत्तप्रसाद आणि वसईचे जेराल्ड डबा खाता खाता ऐकायचे. एकदा दत्तप्रसादांनी जोरात मान डोलावली.

“करेक्ट सर. आणि तुमच्याकडे क्वालिटीचा प्रॉब्लेम तर आहेच,” ते इंग्रजीत म्हणाले.

लुओसाहेबांनी कप खाली ठेवला आणि ते उठून गेले.

दत्तप्रसादांचा करार महिनाअखेरीस संपत होता. तो वाढवायचा की नाही, हे लुओसाहेब ठरवणार होते. करार गेला की व्हिसा जाणार आणि मुलीची, ओवीची, शाळा मध्येच सुटणार.

“जेराल्ड, मी फक्त अ‍ॅग्री केलं रे. तो स्वतःच बोलत होता ना?”

“बायको माहेरच्यांना नावं ठेवते, तेव्हा तू अ‍ॅग्री करतोस?”

“वेडा आहेस का? घरात राहायचंय मला!”

“मग खलास. तेच हे.”

दुसऱ्या दिवसापासून दत्तप्रसादांनी भलतंच टोक गाठलं. चीनची रेल्वे, चीनचे पूल, चीनचे फोन, कौतुक काही थांबेना. लुओसाहेब नुसते बघत राहायचे. याला नक्की काय हवंय, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसायचा. मलाही तोच येत होता.

आणि एका सकाळी मी तापेचना. कारण मला ठाऊक होतं. दत्तप्रसाद माझ्यात दूध, साखर, वेलची सगळं एकत्र घालून चहा उकळायचे. उकळल्याशिवाय चहा होतच नाही, हा त्यांच्याकडचा हट्ट. दूध तळाला करपून बसलं होतं.

“आमचा माल असाच,” लुओसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. “फेकून द्या, जर्मन किटली आणा.” आणि ते दत्तप्रसादांकडे बघत थांबले.

आता हा मान डोलावणार आणि मी कचऱ्यात जाणार!

“नाही सर.” दत्तप्रसाद पुढे आले. “किटली चांगली आहे. मीच तिच्यात दूध उकळत होतो. सॉरी.”

“माहीत आहे,” लुओसाहेब म्हणाले. “माझ्या पाण्याला रोज वेलचीचा वास येतो. तुम्ही दोष कोणाला देता, ते बघत होतो.”

त्यांनी स्वतः व्हिनेगर घालून मला घासलं आणि मी पुन्हा तापू लागले. दत्तप्रसादांचा करारही वाढला. पण साहेबांना त्यांचा खरेपणा आवडला, की चिनी किटलीला चांगलं म्हटलेलं आवडलं, हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मित्रांनो, कुणी स्वतःच्या घराला नावं ठेवू लागलं तर जरूर ऐका, पण मान जपून हलवा. माझंही तसंच आहे. मी जुनी झाले, माझ्या तळाला डाग आहेत, हे मी शंभर वेळा म्हणेन. तुम्ही म्हणू नका. तुम्ही फक्त माझ्यात पाणी घाला.