बिनपेशींची बशी

सोमवारी सकाळी तिनं प्रयोगशाळेच्या फ्रिजमधून सीरमची बाटली काढली, सवयीनं बाटलीच्या मानेवर बोट फिरवलं आणि तिच्या काळजात धस्स झालं. मानेला लाल रबर नव्हतं.

एक रबर नाही म्हणून धाबं दणाणलेली बाई बघून कोणीही हसेल. हसू द्या. त्या प्रयोगशाळेत ते लाल रबर म्हणजे पक्का शिक्का होता. बशीत पेशी वाढवायच्या तर त्यांना खायला घालावं लागतं, आणि त्या खाण्यात वासराच्या रक्तातलं सीरम असतं. पेशी त्यावर तुटून पडतात. पंचाईत एवढीच की त्या सीरममध्ये वासराच्या स्वतःच्या पुटिका, म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या, कोट्यवधींनी पोहत असतात. म्हणून ते आधी मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये अठरा तास गरागरा फिरवायचं, वासराचा माल तळाशी बसला की वरचं निवळ तेवढं काढून घ्यायचं, आणि बाटलीला लाल रबर घालायचं. रबर असेल तर डोळे मिटून वापरा, नसेल तर हात लावू नका.

हिनं हात लावला होता, आणि तोही सहा आठवडे. इतके दिवस रबर होतं की नव्हतं, हे तिला छातीठोक सांगता येईना, सवयीचं बोट काही लक्षात ठेवत नाही. बाटली उघडल्याची तारीख तिच्याच अक्षरात होती, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायचीही सोय नव्हती.

तिची तीन वर्षं एकाच गोष्टीवर गेली होती. त्वचेच्या पेशी बाहेर टाकतात त्या पुटिका गोळा करायच्या आणि दुसऱ्या बशीतल्या जखमेवर घालायच्या. जखम म्हणजे काय, तर पेशींच्या सलग थरावर प्लास्टिकच्या टोकानं ओढलेली एक रेघ. नुसतं खारट पाणी घातलं तर ती रेघ बुजायला दोन दिवस लागत, पुटिका घातल्या की एक. त्यावरचा तिचा पेपर स्वीकारला गेला होता. शुक्रवारी पाचच्या आत छपाईची अंतिम प्रत मान्य करून पाठवायची होती, आणि त्यातलं मुख्य चित्र याच सहा आठवड्यांतलं होतं. सीरम न फिरवलेलं असेल, तर जखम भरली ती वासराच्या पुण्याईनं. मग पेपर मागे घ्यायचा आणि तीन वर्षांवर पाणी सोडायचं.

खरं म्हणजे ही वेळ येऊ नये म्हणून एक उपाय होता. प्रत्येक प्रयोगात एक बिनपेशींची बशी ठेवायची. तेच खाणं, तेच दोन दिवस, तेच फिरवणं, फक्त पेशी नाहीत. तिच्यातून काही निघालं तर ते वासराचं. पहिल्या वर्षी तिनं ही बशी न चुकता ठेवली. दर वेळी जवळजवळ शून्य येई. मग बाईसाहेब शेफारल्या. शून्यच येणार तर खटाटोप कशाला, असं म्हणून त्यांनी ती बंद केली.

समोरच्या ड्रॉवरमध्ये लाल रबरांचं अख्खं पाकीट होतं. तिनं एक रबर काढलं, बोटात ताणलं. बाटलीला घातलं असतं तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. तिनं ते परत टाकलं, ड्रॉवर ढोपरानं बंद केला आणि बाटली घेऊन थेट मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. कपाळावर चष्मा ठेवून तोच चष्मा टेबलभर शोधणाऱ्या, पण दुसऱ्याच्या आकड्यातली चूक दारातूनच हेरणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि फोन लावला तो चक्रीकाकांना. सेंट्रिफ्यूज चालवणारे म्हणून चक्रीकाका. बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते गुरुवार दुपारपर्यंत रजेवर होते.

"ती बाटली? फिरवलेली असणार, मॅडम," काका म्हणाले. "मी न फिरवता आत ठेवतच नाही."

"आणि रबर?"

"रबर... असणार की. आता नीट आठवत नाही बघा."

मॅडमनी फोन ठेवला. "असणार हा काही आकडा नाही. यंत्राच्या वहीत बाटली उघडण्याआधीच्या आठवड्यात अठरा तासांची नोंद आहे, पण बाटली कोणती ते लिहिलेलं नाही. तू आज बिनपेशींची बशी लाव. याच बाटलीतून. बुधवारी फिरव, मोज, मग जखमेवर घाल. शुक्रवारी सकाळी कळेल."

"आणि वासरू निघालं तर?"

"तर पेपर मागे घेण्याचं पत्र मी लिहीन. पहिली सही माझी, खाली तुझी. बिनपेशींची बशी कुठे आहे, हे मीही विचारलं नव्हतं." मग चष्मा खाली घेत म्हणाल्या, "रबर चढवून मोकळी झाली नाहीस, हे मात्र चांगलं केलंस."

बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. सुटलेलं काहीच नव्हतं, पण डोंगराएवढं ओझं आता दोघींच्या डोक्यावर होतं.

घरी आई कोणाचीतरी पँट कमरेत आत घेत बसली होती. आई कपडे दुरुस्त करून देते. सगळ्या गल्लीच्या कमरा तिला तोंडपाठ आहेत. पुटिका हा शब्द आईच्या जिभेवर कधी बसला नाही. ती त्यांना पुड्या म्हणते, आणि ते तसं चुकीचंही नाही. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्याच कातडीच्या तुकड्यात थोडा माल गुंडाळून बाहेर सोडत असते. पुडी इतकी बारीक की केसाच्या जाडीत शेजारी शेजारी सातआठशे मावतील. पूर्वी सगळे म्हणत, हा पेशींचा केर. मग कळलं की शेजारची पेशी ती पुडी आत घेते, उघडते आणि आतल्या मालाप्रमाणे वागायला लागते.

"म्हणजे एकीनं पुड्या सोडायच्या आणि दुसरीनं खऱ्या मानायच्या," असं आई पूर्वी म्हणाली होती. "आपल्या जिन्यात हेच चालतं."

आज मात्र तिनं सुई थांबवून सगळं ऐकलं. "चुकलं असेल तर काय करायचं?"

"सगळं पहिल्यापासून."

"मग उसवू की. शिवण उसवली म्हणून कापड वाया जात नाही." आईनं दोरा दातानं तोडला. "पण आधी जेव. आणि आत्तापासून रडू नकोस, निकाल लागल्यावर काय करशील?"

बुधवारी तिनं बशीतलं ते पातळ खाणं काढून फिरवायला घेतलं. पेशी असत्या तर आधी हळू फिरवून त्या खाली बसवाव्या लागल्या असत्या, मग जरा जोरात फिरवून मेलेल्यांचे तुकडे, मग आणखी जोरात फिरवून मोठाली पुडकी. इथे यातलं काहीच नव्हतं, तरी तिनं एकही पायरी गाळली नाही. एकदा शेफारून झालं होतं, तेवढं पुरे. शेवटच्या फेरीला समोरासमोरच्या नळ्या काट्यावर तंतोतंत जुळवल्या, कारण त्या वेगाला थेंबाचा फरकही यंत्राला खपत नाही. तळाशी बसलेलं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कुठे असेल तिथे नळीवर पेननं आधीच खूण केली. सव्वा तास यंत्र घुमत राहिलं आणि ती शेजारी स्टुलावर नखं खात बसली.

मग मोजणी. थेंबातून लेझरचा किरण सोडला की त्यातला कण न् कण चमकतो आणि पडद्यावर ठिपका होऊन थरथरतो. जितका लहान, तितका चुळबुळ्या. त्या चुळबुळीवरून यंत्र प्रत्येकाचं माप काढतं. तो कण कोणाचा, कुठला, हे मात्र त्याला कळत नाही. पेशीची पुडी, वासराची पुडी, धुळीचा कण, सगळे त्याला सारखेच. म्हणून तर अंगावरची प्रथिनं वेगळी तपासायची, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचे आणि म्हणूनच ती बिनपेशींची बशी.

एरवी पडद्यावर सत्तर-ऐंशी ठिपके असत. तिनं डोळे मिटून बटण दाबलं, मग एक डोळा उघडला.

पडदा काळाकुळकुळीत होता. तिला वाटलं, लेझरच बंद आहे. तपासलं, तर चालू होता. कोपऱ्यात एक ठिपका वळवळला. मग दुसरा. थोड्या वेळानं तिसरा आला आणि निघून गेला. तिनं थेंब बदलला, पाच वेळा मोजलं. तीन, दोन, चार, तीन, तीन.

"मॅडम!" ती कॉरिडॉरमध्येच ओरडली. "काही नाही! काहीच नाही!"

मॅडम आल्या, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून बराच वेळ अंधाराकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडून एक लांब श्वास सुटला. "आता जखमेवर घाल," एवढंच म्हणाल्या, पण जाताना तिच्या पाठीवर थाप मारून गेल्या.

तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बशांत तीन रेघा ओढल्या. एकीवर पेशींच्या साठवलेल्या पुटिका, दुसरीवर बिनपेशींच्या बशीतलं, तिसरीवर नुसतं खारट पाणी.

त्याच दुपारी चक्रीकाका कामावर आले. काकूंचा डोळा उत्तम होता, भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे त्या पलंगावरून वाचत होत्या. हे सांगता सांगता काकांनी डबा काढला. डब्याची कडी मोडलेली होती, आणि झाकण जागेवर धरून होतं एक लाल रबर.

ती बघतच राहिली. काकांनी तिची नजर पाहिली, डब्याकडे पाहिलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"अरे देवा," ते म्हणाले. "एका दिवसापुरतं घेतलं होतं गं. कडी निघाली, आमटी सांडायला लागली, हाताशी ती बाटली होती. म्हटलं, उद्या दुसरं घालतो. आणि मग हिचा डोळा..."

तिनं चार दिवस अर्धपोटी काढले होते. खरं तर तिनं काकांना चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. पण ओठांपर्यंत आलेला राग तिथेच फुटला आणि ती जी हसत सुटली, ती थांबेना. काका बिचारे डबा झाकून माफी मागत होते, आणि ती डोळे पुसत म्हणत होती, "जेवा हो काका, जेवा. तुम्ही फिरवली होती ना, मग मिटलं." शाईचं पेन आणून तिनं काकांच्या हातात दिलं. यापुढे बाटलीवरच लिहायचं आणि खाली सही करायची. रबराचा जमाना संपला.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. पुटिकांची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. रेघ पूर्ण बुजली होती, कुठे होती तेही सांगता येईना. मग बिनपेशींच्या बशीतलं घातलेली दुसरी बशी ठेवली.

रेघ होती. मोकळ्या रस्त्यासारखी रुंद. खारट पाण्याच्या बशीत होती, तशीच.

तिनं तिथूनच आईला फोन लावला. "आई, भरली नाही!"

"काय भरली नाही?"

"जखम! अजून उघडी आहे!"

एवढ्या आनंदानं कोणी कधी हे सांगितलेलं आईनं ऐकलं नव्हतं. "मग उसवायचं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही, आई. एक टाकाही नाही." आणि जे निकालानंतर करायचं म्हणून आईनं राखून ठेवायला लावलं होतं, ते तिला आता एकदम आलं. ती हमसून हमसून रडली.

"रड," आई म्हणाली. "मी फोन धरून आहे."