कोऱ्या यंत्रावर

खाडीच्या पाण्याची पातळी वर्तवणारी ती प्रणाली दोन लाख ओळींची होती. ठाण्याच्या एका लहान कार्यालयातून ती अकरा बंदरांना जाई. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी चांगदेव साळवे तिचे चारशे भाग एकेक आज्ञा देत हाताने कंपाइल करीत, म्हणजे यंत्राला चालवता येतील असे बांधून घेत. तीन आठवडे लागत. १९९५ साली बाळकुमच्या सगुणा भोईरने ते सारे एका स्क्रिप्टमध्ये बसवले. एकदा आज्ञा दिली की बांधणी, चाचणी आणि शेवटी फ्लॉप्या. शुक्रवारपर्यंत हे कोऱ्या, म्हणजे आधीचे काहीच शिल्लक नसलेल्या यंत्रावर साधले नाही, तर जुनी पद्धत राहणार होती आणि सगुणाची हंगामी नोकरी जाणार होती.

बुधवारी साधले नाही. तिच्या यंत्रावर बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट इथे दोनशे बाराव्या भागापाशी थांबली. साळव्यांच्या वहीतला क्रम तर तिने जसाच्या तसा उतरवला होता.

"सर, इथून पुढे तुम्ही हाताने करा. मी नुसती बघते."

"रुसली का स्क्रिप्ट?" साळवे खुर्ची ओढत म्हणाले. "तुझे बाबा होडी काढताना भरती बोटांवर सांगतात, आणि तुला सतरा फ्लॉप्या लागतात."

"बाबांना अकरा बंदरं नाही सांभाळायची."

साळव्यांनी आज्ञा दिली. पडदा चुकांच्या संदेशांनी भरला. त्याकडे न पाहता त्यांनी तीच आज्ञा पुन्हा दिली, आणि भाग निमूट तयार झाला.

"थांबा. हे दोनदा?"

"तिथे पहिल्यांदा एरर येतेच. ती वाचायची नसते."

"वहीत नाही लिहिलंत."

"अगं, श्वास घेतो ते वहीत लिहितो का मी?"

फसलेल्या पहिल्या फेरीतच एक तक्ता तयार होत होता, आणि दुसरीला तोच लागत होता. सगुणाच्या यंत्रावर तो जुन्या बांधणीतला शिल्लक होता. म्हणूनच तिला कधी काही अडले नव्हते. बारा वर्षांचे ते ज्ञान साळव्यांच्या बोटांत राहत होते, त्यांच्याही नकळत.

तिने स्क्रिप्टमध्ये ती फेरी वाढवली. शुक्रवारी दुपारी कोऱ्या यंत्रावर बांधणी पूर्ण झाली. चाचणीचे आकडे जुळले. तिने मंजुरीचा कागद पुढे केला.

साळव्यांनी पेनाचे टोपण काढले, आणि परत लावले.

"डिस्क पुसून टाक. पुन्हा चालव."

"सर, जुळलंय ना सगळं?"

"माझ्यासमोर जुळू दे."

तिने डिस्क पुसली, आज्ञा दिली आणि कळफलक बाजूला सारला. एकामागून एक भाग पडद्यावरून सरकत राहिले. दोनशे बारावा अडखळला, पुन्हा सुरू झाला, पुढे गेला. साळवे मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसून राहिले. मग त्यांनी सही केली.